सही कोणाची? इस्रायली मेडिकल असोसिएशनचं प्रकरण

मे १९९३ मध्ये ‘दावार’ या हिब्रू दैनिकाने एक छापील फॉर्म उजेडात आणला. वेस्ट बँकेतल्या तुलकरेमच्या तुरुंगात चौकशीसाठी आणलेल्या पॅलेस्टिनी कैद्याला तपासून डॉक्टरने तो भरायचा होता. या कैद्याला एकांत कोठडीत ठेवायला काही वैद्यकीय अडचण आहे का? साखळीने जखडायला? डोक्यावर किंवा डोळ्यांवर आवरण चढवायला? बराच वेळ उभं ठेवायला? असे प्रश्न होते आणि खाली डॉक्टरची सही.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ पेशंटला तपासतो आणि ‘फिट’ असा शेरा देतो, तसाच हा शेरा. फरक इतकाच की इथे पुढे ऑपरेशन नव्हतं. माणसाला बराच वेळ उभं ठेवायचं हे आधीच ठरलेलं होतं आणि त्या कामाला डॉक्टरची मंजुरी हवी होती. इस्रायली मेडिकल असोसिएशनच्या त्या वेळच्या अध्यक्ष मिरियम झांगेन यांनी याला ठाम विरोध केला आणि असा फॉर्म भरणं डॉक्टरच्या धर्मात बसत नाही असं सांगितलं. ही गोष्ट आधी नोंदवते, कारण पुढचं सगळं याच संघटनेबद्दल आहे आणि तिने एके काळी योग्य जागी पाय रोवला होता हे विसरून चालणार नाही.

या प्रकरणातला प्रश्न असा. एखाद्या देशातल्या डॉक्टरांवर कैद्यांच्या छळाकडे काणाडोळा केल्याचे आरोप वर्षानुवर्षं होत आहेत. त्यांची राष्ट्रीय संघटना ते उघडपणे तपासत नाही. अशा वेळी बाकीच्या देशांतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी काय करायचं? संबंध ठेवून समजावत राहायचं, की संबंध थांबवायचे? ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने जून २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या वार्षिक सभेत दुसरा पर्याय निवडला. हा निर्णय एका वर्षाचा नाही. त्यामागे तीस-बत्तीस वर्षांचा साठा आहे.

एक खुलासा इथेच करते. आपल्याकडे ‘आयएमए’ म्हटलं की इंडियन मेडिकल असोसिएशनच डोळ्यासमोर येते. इस्रायली संघटनेचं इंग्रजी लघुरूपही तेच आहे. म्हणून मी इथे सरळ ‘इस्रायली संघटना’ असं लिहिते.

माझी या विषयात गुंतवणूक कुठून आली तेही सांगते. इंटर्नशिपमध्ये एका सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळीला होते. दीड-दोन वाजता दोन हवालदार रिमांडमधल्या एका पोराला घेऊन आले. कोठडीतल्या आरोपीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, हा सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली घालून दिलेला दंडक. “मॅडम, रूटीन आहे, नुसती सही,” हवालदार म्हणाले. पोरगा दारातून टेबलापर्यंत चालत आला तो टाचा न टेकवता, चवड्यांवर. तळपाय बघायचे माझ्या मनात आले. वरिष्ठ पलीकडून म्हणाले, “लिही, नो फ्रेश इंज्युरी.” बाहेर अपघाताचे तीन पेशंट होते. मी लिहिलं, सही केली. त्याचे तळपाय मी बघितले नाहीत. तेव्हापासून डॉक्टर आणि कोठडी हे दोन शब्द एकत्र दिसले की मी थांबून वाचते.

जागतिक संघटना कशातून जन्मली

वर्ल्ड मेडिकल असोसिएशन, म्हणजे देशोदेशीच्या डॉक्टर संघटनांची जागतिक संघटना, सप्टेंबर १९४७ मध्ये पॅरिसला स्थापन झाली. न्यूरेंबर्गचा डॉक्टरांवरचा खटला त्याच्या महिनाभर आधी संपला होता. २३ आरोपी, सात जणांना फाशी. छळछावण्यांतल्या माणसांवर, त्यांत असंख्य ज्यूंवर, ज्यांनी प्रयोग केले ते शिकलेसवरलेले डॉक्टर होते आणि जर्मनीतल्या वैद्यकीय संघटना त्या राजवटीच्या मागे फरफटत गेल्या होत्या. १९४८ ची जिनिव्हा प्रतिज्ञा त्यातून आली. १९७५ मध्ये टोकियो जाहीरनामा आला: डॉक्टरने छळात भाग घ्यायचा नाही, त्याला मान्यता द्यायची नाही, तो चालू असताना तिथे हजरही राहायचं नाही.

इस्रायली डॉक्टरांना या आरोपांचा इतका खोल घाव का बसतो, याचं उत्तर या इतिहासात आहे. ज्यांच्या आजी-आजोबांवर झालेल्या अत्याचारातून हे नियम लिहिले गेले, त्यांनाच त्या नियमांच्या पिंजऱ्यात उभं केलं जातंय. ती वेदना खरी आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करून या प्रकरणावर लिहिणं मला अन्यायाचं वाटतं. पण नियम ज्याच्या दुःखातून जन्मले त्याला ते कमी लागू होतात, असं काही नियमांत नाही.

आधीचं उदाहरण: स्टीव्ह बिको

पॅलेस्टाइनचा विषय निघाला की डॉक्टरांच्या सभेत कोणीतरी दक्षिण आफ्रिकेचं नाव घेतं. बऱ्याचदा ते घोषणेसारखं घेतलं जातं. तपशील पाहिला तर तो जास्त उपयोगाचा आहे.

कृष्णवर्णीय चळवळीचे नेते स्टीव्ह बिको यांना ऑगस्ट १९७७ मध्ये अटक झाली. पोर्ट एलिझाबेथला त्यांना विवस्त्र, बेड्या घालून ठेवलं होतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चौकशीत डोक्याला मार बसला. सरकारी डॉक्टर आयव्हर लँग यांनी तपासलं आणि काही विकृती आढळली नाही असं लिहून दिलं. त्यांचे वरिष्ठ बेंजामिन टकर यांनीही पाहिलं. पाठीतलं पाणी काढलं तर त्यात रक्त आलं. तरी रुग्णालयात हलवायचा आग्रह कोणी धरला नाही. ११ सप्टेंबरला त्यांना लँडरोव्हरच्या मागच्या भागात उघड्या अंगाने टाकून हजार किलोमीटरहून लांब प्रिटोरियाला नेलं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

इथून पुढे संघटनांची गोष्ट सुरू होते. दक्षिण आफ्रिकेच्या मेडिकल कौन्सिलने १९८० मध्ये या डॉक्टरांविरुद्ध कारवाईला आधार नाही असं ठरवलं आणि तिथल्या मेडिकल असोसिएशनने ते मान्य केलं. ती असोसिएशन १९७६ मध्ये जागतिक संघटनेतून बाहेर पडली होती. १९८१ मध्ये, बिको प्रकरणाचा निकाल कोणाच्याही गळी उतरलेला नसताना, जागतिक संघटनेने तिला परत आत घेतलं. अनेक देशांतून निषेध झाला. १९८४ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशन जागतिक संघटनेतून बाहेर पडली. दक्षिण आफ्रिका हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

सत्य बाहेर आलं ते मात्र देशातल्याच डॉक्टरांमुळे. फ्रान्सिस एम्स, ट्रेफर जेंकिन्स, फिलिप टोबायस अशा काही जणांनी कौन्सिलला कोर्टात खेचलं. १९८५ मध्ये कोर्टाने कौन्सिलला चौकशी करायला लावली आणि टकर यांची सनद गेली. दहा वर्षांनी, १९९५ मध्ये, तिथल्या मेडिकल असोसिएशनने माफी मागितली. मी यातून एवढं घेते की बाहेरचा दबाव आणि आतले चार हट्टी डॉक्टर, दोन्ही लागले. एकट्याने कोणाचंच भागलं नाही.

ब्लाखार यांचं अध्यक्षपद

आता परत इस्रायल. १९८७ मध्ये इस्रायली सरकारच्या लांडाऊ आयोगाने चौकशीत ‘माफक शारीरिक दबाव’ वापरायला वाट करून दिली होती. सप्टेंबर १९९९ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने गुप्तहेर खात्याच्या अशा पद्धती बेकायदा ठरवल्या. मधल्या काळात इस्रायली संघटनेचे अध्यक्ष होते योराम ब्लाखार. १९९७ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात संघटनेच्या बाजूने पत्र लिहिलं. टीकाकारांनी त्यात त्या ‘माफक दबावा’चं समर्थन वाचलं आणि ते पत्र ब्लाखार यांचा पाठलाग करत राहिलं.

२००८ मध्ये ब्लाखार जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले. २००९ मध्ये ४३ देशांतल्या ७२५ डॉक्टरांनी त्यांनी पायउतार व्हावं असं पत्र लिहिलं. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ डेरेक समरफील्ड त्यात पुढे होते. त्यांचं म्हणणं असं की छळाच्या तक्रारींमध्ये डॉक्टरांची भूमिका पुन्हा पुन्हा समोर येते आणि संघटना ती तपासत नाही. जागतिक संघटनेने अध्यक्षांची पाठराखण केली. त्याच वर्षी इस्रायली संघटनेने ‘फिजिशियन्स फॉर ह्युमन राइट्स इस्रायल’ या आपल्याच देशातल्या डॉक्टरांच्या गटाशी संबंध तोडले. रुखामा मार्टन यांनी १९८८ मध्ये सुरू केलेला हा गट कैद्यांच्या आणि कब्जातल्या भागातल्या पेशंटांच्या बाजूने उभा राहत आला होता. बिको प्रकरणातल्या एम्स-टोबायस यांच्या जागी इस्रायलमध्ये जे होते, त्यांच्यासाठीच संघटनेने दार लावलं. या सगळ्या प्रकरणातली मला सर्वात दुखणारी चूक ही आहे.

२०११ मध्ये याच गटाने छळविरोधी सार्वजनिक समितीबरोबर अहवाल काढला. शंभरेक पॅलेस्टिनी कैद्यांच्या तक्रारी त्यात पाहिल्या होत्या. त्यात क्रूर, राक्षसी डॉक्टर भेटत नाहीत. भेटतात ते जखम न लिहिणारे, कारण न विचारणारे आणि तपासून कैद्याला पुन्हा चौकशीच्या खोलीत पाठवणारे डॉक्टर. वाचताना मला चवड्यांवर चालणारा तो पोरगा आठवला.

जागतिक संघटनेच्या नैतिक वजनाबद्दल आपल्या देशाशी जोडलेला एक धागा आहे. तिची २००९ ची सर्वसाधारण सभा नवी दिल्लीत भरली आणि तिथे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचे तेव्हाचे अध्यक्ष केतन देसाई तिचे पुढचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले. एप्रिल २०१० मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयने त्यांना अटक केली. आरोप त्यांनी नाकारले. संघटनेने पदग्रहण थांबवलं आणि २०१६ मध्ये त्यांना अध्यक्षपदी बसवलं. म्हणजे आरोप झाल्यावर एखाद्याला थांबवून ठेवणं या संघटनेला जमत होतं.

संघटना ठाम उभी राहिली तेव्हा

२०१५ चा उन्हाळा. मोहम्मद अल्लान हे पॅलेस्टिनी वकील खटल्याविना स्थानबद्ध होते आणि उपोषणाला बसले होते. ३० जुलैला क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ४६ विरुद्ध ४० मतांनी कायदा केला: न्यायालयाच्या परवानगीने उपोषण करणाऱ्या कैद्याला बळजबरीने अन्न देता येईल.

नाकातून नळी घालणं आम्ही वॉर्डात रोज करतो. पेशंटने गिळलं, सहकार्य केलं तर दोन मिनिटांचं काम. चार जणांनी धरून ठेवलेल्या, मान झटकणाऱ्या माणसाच्या नाकात तीच नळी घातली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. मग अन्न थेट फुप्फुसात. १९८० मध्ये नफ्हा तुरुंगातल्या उपोषणात बळजबरीने अन्न भरवल्यानंतर दोन कैदी मेले होते. जागतिक संघटनेचा माल्टा जाहीरनामा शुद्धीवर असलेल्या उपोषणकर्त्याला असं भरवणं वर्ज्य मानतो.

इस्रायली संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष लिओनिड आयडेलमन यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, हा कायदा पाळू नका. बेरशेबाच्या सोरोका रुग्णालयातले डॉक्टर बळजबरी करायला तयार नव्हते. अल्लान यांना अश्कलोनच्या बार्झिलाई रुग्णालयात हलवलं, तिथेही तेच. पंतप्रधान, मंत्री, संसद एका बाजूला आणि डॉक्टरांची संघटना दुसऱ्या बाजूला. संघटना या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयातही गेली. २०१६ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला, तरी संघटना हलली नाही.

“संघटना सरकारपुढे काय करणार?” असं कोणी म्हणालं की मी हा प्रसंग सांगते. करता येतं. याच संघटनेने केलेलं आहे.

गाझा आणि नाव नसलेला डॉक्टर

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना ओलीस नेलं. ओलिसांपर्यंत रेडक्रॉसला जाऊ दिलं नाही. म्हाताऱ्यांची रोजची औषधं, जखमींची ड्रेसिंगं, कशाचाच पत्ता नाही. जगभरचे सहकारी यावर पुरेसं बोलले नाहीत, असा इस्रायली डॉक्टरांचा आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो.

त्यानंतर गाझात जे झालं त्याचा वैद्यकीय भाग एवढा मोठा आहे की इथे तो मावणार नाही. हजाराहून अधिक आरोग्य कर्मचारी मारले गेले. २३ मार्च २०२५ ला राफामध्ये अँब्युलन्स आणि बचाव पथकातले १५ जण मारून वाळूत पुरले गेले. त्यांतले आठ रेड क्रेसेंटचे होते. कमाल अदवान रुग्णालयाचे संचालक, बालरोगतज्ज्ञ हुसाम अबू सफिया यांना २७ डिसेंबर २०२४ ला ताब्यात घेतलं. पांढरा कोट घालून ढिगाऱ्यातून चिलखती गाडीकडे चालत जाणारी त्यांची पाठमोरी आकृती अनेकांनी पाहिली असेल.

पण वैद्यकीय संघटनेच्या अखत्यारीत थेट काय येतं, ते शोधायचं तर नेगेव्ह वाळवंटातल्या सदे तेमानला जावं लागतं. या लष्करी तळावर गाझातून आणलेल्या बंद्यांसाठी तंबूतलं रुग्णालय उभारलं होतं. बंदी खाटेला हातपाय बांधलेले, डोळ्यांवर पट्टी, डायपरमध्ये. एप्रिल २०२४ मध्ये ‘हारेत्झ’ या इस्रायली दैनिकाने तिथल्याच एका डॉक्टरचं मंत्र्यांना लिहिलेलं पत्र छापलं. बेड्यांनी झालेल्या जखमांमुळे एका आठवड्यात दोन बंद्यांचे पाय कापावे लागले आणि हे तिथे नेहमीचंच झालं आहे, असं त्यात लिहिलं होतं. आणि तिथे लागू असलेल्या सरकारी सूचनांनुसार उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कागदपत्रांवर नाव आणि सही टाकायची गरज नव्हती. कारण सुरक्षेचं दिलं होतं.

१९९३ च्या फॉर्मवर निदान सहीची रेघ होती. तिच्यामुळेच मिरियम झांगेन डॉक्टरांना ‘भरू नका’ म्हणू शकल्या. सही नसली की कौन्सिलला कोणाला बोलवायचं हेच कळत नाही, पुढच्या डॉक्टरला आधीचं काय झालं ते कळत नाही आणि पेशंटला, तो जगला तर, आपला पाय कोणी कापला हे कळत नाही. अध्यक्ष झिऑन हागाय यांच्या काळात संघटनेने आपले नियम सर्व रुग्णांना सारखे लागू आहेत असं सांगितलं. तिने २०१५ सारखं “असं काम करू नका” असं ठणकावून सांगायला हवं होतं.

लिव्हरपूल

दरम्यान इतर संघटना आपापल्या परीने चाचपडत होत्या. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्धविराम मागितला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझाचा तसाच ठराव तिने चर्चेलाच घेतला नाही. त्याच महिन्यात अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनने मात्र युद्धविरामाची मागणी केली. जागतिक संघटनेने २०२४ मध्ये युद्धविराम, ओलिसांची सुटका आणि रुग्णालयांचं संरक्षण, तिन्ही मागितलं. आपल्या सदस्य संघटनेला प्रश्न विचारायचं अवघड काम तसंच पडून राहिलं.

ब्रिटिश प्रतिनिधींनी जून २०२५ मध्ये ते हातात घेतलं आणि इस्रायली संघटनेशी संबंध स्थगित करण्याच्या बाजूने मत दिलं. ब्रिटनमधल्या ज्यू डॉक्टरांच्या संघटनेने आक्षेप घेतला. जगात इतक्या ठिकाणी रुग्णालयांवर हल्ले होतात, मग सभेचा एवढा वेळ एकाच देशावर का? आणि अशा वातावरणात ज्यू सहकाऱ्यांनी वॉर्डात कसं वावरायचं? दुसरा प्रश्न मला पहिल्याहून गंभीर वाटतो. ज्या सभेत असा ठराव होतो, तिथेच आपल्या ज्यू सहकाऱ्याच्या पाठीशी उभं राहण्याची जबाबदारीही ठरावाइतक्याच स्पष्ट शब्दांत घ्यायला हवी.

आणखी एक अडचण आहे. इस्रायलमधल्या डॉक्टरांपैकी सुमारे चौथा हिस्सा अरब नागरिकांचा आहे. त्यांची संघटनाही हीच. नुसतं दार बंद केलं तर आतून आवाज उठवू शकणारी माणसंही पलीकडेच राहतात.

तरीही माझं मत स्थगितीच्या बाजूने आहे. समजावून सांगायचा मार्ग १९९७ पासून, २००९ पासून चालूच होता. त्यातून एकाही तक्रारीची उघड, स्वतंत्र चौकशी संघटनेकडून झाल्याचं माझ्या वाचनात नाही. जागतिक संघटनेची चूक ही की डॉक्टरांविरुद्धची तक्रार तिने देशावरचा हल्ला म्हणून वाचली. देशाचं, सीमांचं, युद्धाचं काय करायचं यावर डॉक्टरांच्या संघटनेला विशेष अधिकार नाही. कैद्याला कोणी तपासलं आणि काय लिहिलं, यावर मात्र फक्त तिलाच आहे.

स्थगितीला परतीची वाट हवी आणि ती कागदावर हवी. मला ठराव लिहायला सांगितला असता तर मी तीनच मागण्या घातल्या असत्या. सदे तेमानमध्ये काम केलेल्या प्रत्येक डॉक्टरच्या नोंदी नावासह स्वतंत्र समितीपुढे ठेवा. ‘फिजिशियन्स फॉर ह्युमन राइट्स इस्रायल’ला त्या समितीत जागा द्या. आणि तिसरी एका माणसाची.

अदनान अल-बुर्श, वय ५०, गाझातल्या अल-शिफा रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागाचे प्रमुख. डिसेंबर २०२३ मध्ये अल-अवदा रुग्णालयात काम करत असताना त्यांना ताब्यात घेतलं. १९ एप्रिल २०२४ ला इस्रायलच्या ओफेर तुरुंगात ते मरण पावले. मधल्या चार महिन्यांत त्यांना कोणत्या डॉक्टरांनी तपासलं, त्यांच्या अंगावर काय दिसलं, कोणत्या तारखेला काय लिहिलं, आणि खाली कोणाची सही आहे?